बैल कामाला वापरतात की बैलाला कामाची सवय आहे?

दिग्रस तालुक्यातल्या एका मुलीचा प्रश्न आला आहे. कृषी पदविका झाली आहे, बियाण्यांच्या एका कंपनीत क्षेत्र सहाय्यकाची जागा निघाली आहे आणि अर्ज इंग्रजीत करायचा आहे. तिनं पहिलंच वाक्य लिहिलं, ‘आय ॲम यूज्ड टू वर्क इन द फील्ड सिन्स चाइल्डहुड.’ म्हणजे, मला लहानपणापासून वावरात काम करायची सवय आहे. मामा सरकारी कचेरीत बाबू आहेत. त्यांनी वाचलं, लाल पेनानं ‘ॲम’ खोडलं आणि वाक्य केलं, ‘आय यूज्ड टू वर्क इन द फील्ड्स.’ आता ती विचारते, ‘सर, दोघांतलं कोणतं ठेवू?’

एकही नको. तुझ्या वाक्यात व्याकरण अडखळतं. मामांच्या वाक्यात व्याकरण चोख आहे, पण ते वाक्य तुझ्याच मुळावर उठतं. त्याचा अर्थ होतो, ‘मी आधी वावरात काम करायची, आता करत नाही.’ ज्या नोकरीत दिवसभर बांधावरून फिरायचं आहे, तिच्या अर्जात पहिल्याच ओळीत हे सांगितलंस तर पुढचं कोण वाचणार?

नियम सांगण्याआधी जुवातला बैल डोळ्यापुढे आण. त्याच्यावर इंग्रजीत तीन वाक्यं लिहितो.

‘द बुलक इज यूज्ड टू प्लाउ द फील्ड.’ शेत नांगरायला बैल वापरतात.

‘द बुलक इज यूज्ड टू प्लाउइंग.’ बैलाला नांगराची सवय आहे. सरावलेला आहे.

‘द बुलक यूज्ड टू प्लाउ द फील्ड.’ आधी हा बैल नांगर ओढायचा. आता म्हातारा झाला, किंवा दारात ट्रॅक्टर आला.

तिन्ही वाक्यं बिनचूक आहेत. फरक एका ‘इज’चा आणि एका ‘आयएनजी’चा, पण प्रत्येक बैल निराळा. आता तुझं वाक्य यांच्या शेजारी ठेव. ‘आय ॲम यूज्ड टू वर्क’ याचा साचा पहिल्या बैलाचा आहे. सवय सांगायला गेलीस आणि लिहिलंस काय, तर ‘काम करायला मला वापरतात’! वाचणारा शहाणा असेल तर तुला काय म्हणायचंय ते समजून घेईल. पण अर्जाच्या पहिल्या ओळीत त्याला हे कष्ट कशाला द्यायचे?

ही चूक करणारी तू काही पहिली नाहीस. मी यवतमाळ जिल्ह्यात खेड्यापाड्यांतल्या शाळांवर अठ्ठावीस वर्षं इंग्रजी शिकवलं आणि स्वतः नोकरीचा पहिला अर्ज लिहिला तेव्हा त्यात ‘आय ॲम यूज्ड टू टीच बिग क्लासेस’ असं ठोकून दिलं होतं. शिकवण्या घ्यायचो, त्याची फुशारकी. ज्यांनी अर्ज वाचला त्यांनाही काही खटकलं नाही, नोकरी लागली. चूक कळायला पुढची चार वर्षं गेली, तीही नववीच्या एका पोरानं ‘सर, इथं टीच का अन् पुस्तकात टीचिंग का?’ असं विचारलं तेव्हा. त्या दिवशी मी त्याला दटावून खाली बसवलं. घरी येऊन पुस्तकं चाळली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात चूक कबूल केली.

तेव्हापासून मी हा धडा इंग्रजीतून सुरू करत नाही. मराठीतून करतो. कारण इंग्रजीनं एकाच ‘यूज्ड टू’च्या गाठोड्यात बांधलेले तीन अर्थ मराठीत मुळातच वेगवेगळे आहेत. एक ‘जायचो, करायचो’, जे आपल्या बोलीत ‘जाचो, कराचो’ होतं आणि पुस्तकात ‘जात असे, करत असे’. दुसरा ‘सवय आहे, सरावलोय, अंगवळणी पडलंय’. तिसरा ‘वापरतात’. ‘जाचो’ आणि ‘सवय आहे’ यांची गल्लत तिसरी नापास झालेला म्हाताराही करणार नाही. म्हणून पेन टेकवण्याआधी मनातलं वाक्य मराठीत पुरतं म्हणायचं आणि या तिघांतलं कोणतं तोंडात येतं ते ऐकायचं. ‘जाचो’ आलं तर मागे ॲम-इज-आर-वॉज काही लावायचं नाही, थेट ‘यूज्ड टू’ आणि पुढे क्रियापदाचं मूळ रूप. ‘सवय’ किंवा ‘वापर’ आलं तर मागे ॲम-इज-वॉज हवंच.

मग सवयीत ‘वर्किंग’ आणि वापरात ‘वर्क’ असं का? इथं मुलं पाठांतर करतात आणि परीक्षेच्या दिवशी उलटं लिहून येतात. त्यालाही मराठीचाच आधार घे. ‘मला उन्हाची सवय आहे.’ सवय कशाची? उन्हाची, म्हणजे एका नामाची. इंग्रजीत ‘आय ॲम यूज्ड टू द हीट.’ इथला ‘टू’ म्हणजे आपली ‘ची’. तो क्रियापदाचा सोबती नव्हे, तो नामाला चिकटतो. आता उन्हाऐवजी चालणं घाल. ‘मला चालतो सवय आहे’ असं आपण म्हणतो का? ‘चाल’ या धातूचं आधी नाम करतो, ‘चालणं’, मग त्याचं सामान्यरूप करून ‘चालण्याची सवय’ म्हणतो. इंग्रजीही हेच करते. ‘वॉक’चं नाम ‘वॉकिंग’, म्हणून ‘यूज्ड टू वॉकिंग’. आपला ‘ण्या’ तो तिचा ‘आयएनजी’. बोलताना आपण ‘चालायची सवय’ही म्हणतो, तेव्हा ‘ण्या’ दिसत नाही. पण ‘चालायची’च्या जागी ‘चालण्याची’ बसतं का पाहायचं. बसलं की आयएनजी.

शंका राहिली तर अजून एक सोपी खूण. ‘टू’च्या पुढचं क्रियापद झाकून तिथे एखादं साधं नाम ठेवून बघ, ‘द हीट’, ‘द नॉइज’, ‘द क्राउड’. वाक्य उभं राहिलं तर तो सवयीचा ‘टू’. ‘आय ॲम यूज्ड टू द क्राउड’ उभं राहतं. ‘आय यूज्ड टू द क्राउड’ कोसळतं. तिथे क्रियापदच लागतं.

‘वापरतात’ या अर्थाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. फवारणीचा पंप, तिफन, डवरा, मोबाइलवरचं हवामानाचं ॲप अशा वस्तूंना तो बरोबर बसतो. ‘दिस पंप इज यूज्ड टू स्प्रे कॉटन.’ माणसाबद्दल मात्र तो जपून लिहावा. माणसाला वापरतात असं आपणही कुणाबद्दल, कोणत्या सुरात म्हणतो ते तुला माहीत आहे.

जास्त भानगडी ‘जाचो’ या अर्थात आहेत, आणि मामांनी तोच उचलला म्हणून त्यावर थोडं थांबतो.

‘यूज्ड टू’ जुनं सांगतं, आणि ते जुनं आता उरलेलं नाही हेही न बोलता सांगून जातं. आपली शकुंतला घे. यवतमाळ ते मूर्तिजापूर धावणारी अरुंद रुळांची गाडी. ‘द शकुंतला यूज्ड टू रन बिटवीन यवतमाळ अँड मूर्तिजापूर.’ एवढं लिहिलं की ती आता धावत नाही हे वेगळं सांगायला नको. 1994 पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर होती, मग डिझेल आलं. तेव्हा ‘अ स्टीम इंजिन यूज्ड टू पुल द ट्रेन’ असंही लिहिता येतं आणि ‘अ स्टीम इंजिन वॉज यूज्ड टू पुल द ट्रेन’ असंही. पहिल्यात इंजिन गाडी ओढायचं, दुसऱ्यात गाडी ओढायला इंजिन वापरलं जायचं. इथं दोन्ही अर्थ जवळजवळ एकाच स्टेशनावर पोचतात, म्हणूनच पोरांना वाटतं की ‘वॉज’ घातला काय अन् गाळला काय, सारखंच. बैलाकडे परत जा, सारखं नाही.

स्थितीलाही हा साचा चालतो. वाशिम 1998 पर्यंत अकोला जिल्ह्यात होतं, म्हणून ‘वाशिम यूज्ड टू बी इन अकोला डिस्ट्रिक्ट.’ गडचिरोली 1982 पर्यंत चंद्रपुरात, गोंदिया 1999 पर्यंत भंडाऱ्यात. नागपूर तर 1956 पर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी होतं, ‘नागपूर यूज्ड टू बी द कॅपिटल ऑफ मध्य प्रदेश.’ हे वाक्य फळ्यावर लिहिलं की अर्धा वर्ग ‘सर, चुकलं!’ म्हणून ओरडायचा. व्याकरणाच्या तासाला इतिहास शिकवायची संधी मी सोडत नसे.

पण वाशिम वेगळा जिल्हा झाला ही गोष्ट एकदाच घडली. तिथे ‘यूज्ड टू’ चालत नाही. ‘वाशिम बिकेम अ सेपरेट डिस्ट्रिक्ट इन 1998.’ एकदाच घडलेल्या गोष्टीला साधा भूतकाळ. मराठीतही ‘1998 साली वाशिम वेगळा जिल्हा होत असे’ म्हटलं तर हसू येईल, मग इंग्रजीत का लिहायचं?

किती वर्षं, किती वेळा हे मोजून सांगितलं तरी ‘यूज्ड टू’ काढून टाकायचं. ‘आय यूज्ड टू लिव्ह इन पुसद फॉर सिक्स इयर्स’ नको, ‘आय लिव्हड इन पुसद फॉर सिक्स इयर्स’ हवं. ‘आय यूज्ड टू गो टू नागपूर थ्री टाइम्स’ही नको, कारण तीन खेपा मोजून संपल्या. पण ‘थ्री टाइम्स अ वीक’ म्हटलंस तर चालेल, कारण ती पुन्हा रीत झाली, दर आठवड्याची. आपला रीती भूतकाळ नेमका इथेच असाच वागतो. ‘मी तीन वेळा नागपूरला जाचो’ कुणी म्हणत नाही, ‘आठवड्यातून तीन वेळा जाचो’ सगळे म्हणतात.

आता ‘वुड’. पुस्तकं म्हणतात की ‘यूज्ड टू’च्या जागी ‘वुड’ घालता येतं, आणि पोरं सगळीकडे घालतात. ‘माय ग्रँडमदर वुड टेल अस स्टोरीज’, आजी गोष्टी सांगायची, हे ठीक. पण ‘देअर वुड बी अ टॅमरिंड ट्री निअर द वेल’ या वाक्यानं विहिरीजवळ चिंचेचं झाड होतं हे सांगता येत नाही. पुन्हापुन्हा केलेल्या कामाला ‘वुड’ चालतं, नुसत्या असण्याला चालत नाही. फसगत होते ती आपल्या ‘असायचा’मुळे. ‘तिथं पार असायचा’, ‘आजोबा सांगायचे’, मराठीला दोन्ही सारखेच, म्हणून हात आपोआप वळतो. खात्री नसेल तर ‘यूज्ड टू’च लिही, ते दोन्हीकडे चालतं.

सगळ्यांत जास्त लाल शाई मात्र माझी दुसऱ्याच वाक्यावर खर्च झाली. ‘आय यूज टू गो टू स्कूल बाय बस.’ लिहिणाऱ्याला म्हणायचं असतं, मी रोज बसनं शाळेत जातो. वर्तमानकाळ आहे म्हणून ‘डी’ काढली, हिशेब वरवर बरोबर वाटतो. पण आजच्या इंग्रजीत या प्रयोगाला वर्तमानकाळच नाही. तीन-चारशे वर्षांपूर्वी होता, मग झिजून गेला. आजची सवय सांगायची तर साधं ‘आय गो’, हवं तर ‘आय यूज्युअली गो’.

‘वापरणं’ अर्थाच्या ‘यूज’मधून ‘सवय’ निघालीच कशी, हा प्रश्न एका शिक्षिकेनं मला प्रशिक्षणात विचारला होता. तिचे वडील बांधाच्या रस्त्यासाठी भांडत होते, म्हणून मी तिला एकच शब्द सांगितला, वहिवाट. रस्ता वापरला जातो ती वहिवाट, आणि वापरून वापरून जी रीत पडते तीही वहिवाटच. इंग्रजीतला ‘यूज’ ज्या लॅटिन शब्दातून फ्रेंचमार्गे आला त्याच्या पोटातही वापर आणि रूढी दोन्ही आहेत. ‘यूज्युअल’ त्याच घरातला. तिला पटलं, आणि मग पुढचा अर्धा तास आम्ही रस्त्याच्या तंट्यावरच बोललो.

नकार आणि प्रश्न. ‘डिड’ आला की भूतकाळ त्यानं उचलला, मग ‘डी’ पुन्हा कशाला? ‘आय डिडन्ट यूज टू लाइक इंग्लिश.’ ‘डिड यू यूज टू वॉक टू स्कूल?’ इंग्रजी लिहिणारेही इथे कधीकधी ‘डी’ ठेवून देतात, छापलेलंही सापडेल, पण परीक्षेत आणि अर्जात ती नकोच. जुन्या पुस्तकांत ‘यूज्ड नॉट टू’ दिसतं. ते चूक नाही, पण आता फार कडक इस्त्रीचं वाटतं. मी स्वतः या कटकटीतून पळवाट काढतो, ‘नेव्हर’ लावतो. ‘आय नेव्हर यूज्ड टू लाइक इंग्लिश.’ इथं डिड नाही, त्यामुळे ‘डी’ जागेवर आणि भांडण मिटलं. लक्षात ठेव, ‘डी’चा हा सगळा हिशेब ‘जाचो’ अर्थाचा. सवयीच्या आणि वापराच्या ‘यूज्ड’ची ‘डी’ कधीच जात नाही, नकारातही नाही. ‘आय ॲम नॉट यूज्ड टू द कोल्ड.’

ही ‘डी’ लिहिताना गळते त्याचं कारण कानात आहे. ‘यूज्ड’ची ‘डी’ आणि ‘टू’चा ‘टी’ बोलताना एकमेकांत मिसळतात. ‘जाचो’ आणि ‘सवय’ या दोन्ही अर्थांत उच्चार जवळपास ‘यूस्टु’ होतो, ‘स’नं. ‘वापरतात’ या अर्थात मात्र ‘झ’ ऐकू येतो, ‘यूझ्ड’. लिहिताना तिघांचं स्पेलिंग एकच, यू, एस, ई, डी. मुलाखतीला गेलीस तर ‘डी’ ऐकवायच्या भानगडीत पडू नकोस, कुणीच ऐकवत नाही. ‘वर्किंग’चा शेवट तेवढा स्पष्ट म्हण.

‘गेट यूज्ड टू’ म्हणजे सवय होणं, सरावणं. गोऱ्हा पहिल्यांदा जुवाला लावला की मान झटकतो, उलटा फिरतो, पंधरा दिवसांनी निमूट चालतो. ‘ही इज गेटिंग यूज्ड टू द योक’, आणि पंधरा दिवसांनंतर, ‘ही इज यूज्ड टू इट.’ आमच्या शाळेवर कोकणातून बदली होऊन आलेले एक सर एप्रिलमध्येच घामाघूम होऊन म्हणाले होते, ‘आय विल नेव्हर गेट यूज्ड टू दिस हीट.’ मे अजून यायचा होता, पारा पंचेचाळिसावर जायचा होता. पण वाक्य त्यांनी अचूक लिहिण्याजोगं म्हटलं, मी त्याच दिवशी फळ्यावर घेतलं.

आता तुझा अर्ज. ‘सिन्स चाइल्डहुड’ तुला ठेवायचंच असेल तर त्याला ‘हॅव’ लागतो, कारण गोष्ट तेव्हा सुरू झाली आणि अजून चालू आहे. मग काम ‘हॅव’नं सांग आणि सवय वेगळ्या वाक्यात सांग. आणि ‘फील्ड’बद्दल एक. नोकरीच्या इंग्रजीत ‘इन द फील्ड’ म्हणजे कचेरीबाहेर, कार्यक्षेत्रावर. तुला वावर म्हणायचंय, म्हणून ‘इन द फील्ड्स’ किंवा ‘ऑन अवर फार्म’. मामांनी शेवटी ‘एस’ लावला तो बरोबर लावला, तेवढं श्रेय त्यांना दे. मी असं लिहीन:

‘आय ग्रू अप ऑन अ कॉटन फार्म अँड हॅव वर्क्ड इन द फील्ड्स सिन्स चाइल्डहुड. आय ॲम यूज्ड टू वॉकिंग लाँग डिस्टन्सेस इन द समर हीट अँड टू टॉकिंग विथ फार्मर्स. आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू.’

दुसऱ्या वाक्यात ‘टू’ पुन्हा आला आहे आणि त्याच्यापुढेही ‘टॉकिंग’ आहे, ‘टॉक’ नाही. तीही सवयच आहे. शेवटच्या ओळीतला ‘टू’ त्याच कुळातला, ‘तुमच्या उत्तराची’ मधल्या ‘ची’चा, म्हणून ‘हिअरिंग’. तिथे ‘हिअर’ लिहिलेली पत्रं मी इतकी पाहिली आहेत की मोजणं सोडलं.

मामांना दाखवशील तेव्हा खोडलेल्या ‘ॲम’वरून वाद घालू नकोस. आधी तिन्ही बैल दाखव आणि त्यांनाच विचार, ‘मामा, यातला म्हातारा बैल कोणता?’